भिगवणच्या पाण्यावर

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या प्रवाशानें मुद्दाम थांबावें असें भिगवण गांवांत सकृद्दर्शनीं कांहीं नाहीं. हमरस्त्याच्या कडेचीं चहाचीं दुकानें, उसाचे मळे आणि मालमोटारींची अखंड रहदारी, एवढेंच काय तें डोळ्यांस दिसतें. परंतु रस्ता सोडून कुंभारगांवाकडे वळलें कीं थोड्याच वेळांत बाभळींच्या पलीकडे पाण्याचा एक विस्तीर्ण पट उघडतो, आणि आपण अवर्षणाच्या मुलखांतून जात आहों हें क्षणभर खरें वाटत नाहीं. हें पाणी भीमेचें. माढें तालुक्यांत उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि त्याच्या फुगवट्याखालीं नदीकांठच्या कितीतरी गांवांच्या जमिनी गेल्या. पळसदेव येथील पळसनाथाचें जुनें देऊळ असेंच पाण्यांत गेलें. भर उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें पुन्हां वर येतें. माणसांचा असा वियोग झाला, पण पांखरांस मात्र हें नवें माहेर मिळालें. कच्छच्या रणांत वीण करणारे रोहित, ज्यांस अग्निपंख असेंही म्हणतात, येथील उथळ पाण्यांत चरावयास येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हिंवाळा येथें काढतात. आणि चित्रबलाक, शराटी, पाणकावळे व बगळे यांची तर गणतीच नको.

गेल्या माघांत आम्ही तेथें दोन दिवस राहिलों, त्याचें खरें कारण मात्र आमच्या घरांतील एक वाद हें होतें. आमचे थोरले बंधु अण्णा यांस येत्या चैत्रांत पंचाहत्तरावें वर्ष लागतें. नोकरींतून मोकळे झाल्यापासून त्यांस पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा नाद लागला असून आमच्या माजघराच्या भिंतीवर आतां देवादिकांच्या तसबिरींच्या शेजारीं बगळे व खंड्ये येऊन बसले आहेत. त्यांच्याजवळची लेन्स साधी. दूरचें पांखरूं तींत मोहरीएवढें दिसे. तेव्हां अमृतमहोत्सवानिमित्त सर्वांनीं मिळून त्यांस एक उत्तम लेन्स घेऊन द्यावी, असें घरांत एकमतानें ठरलें. एकमत येथवरच टिकलें. कोणती घ्यावी हा प्रश्न निघतांच घराचे दोन तट पडले.

आमच्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, घ्यावयाची तर सहाशें मिलिमीटरची एफ ४ हीच घ्यावी. पक्षिचित्रकारांच्या हातीं जी दिसते ती हीच. सोनी कंपनीनें २०१९ सालीं काढलेली ही लेन्स वजनास ३,०४० ग्रॅम असून तिची किंमत दहा लाखांहून अधिक. दुसरी योजना आमच्या एका स्नेह्यांकडून आली. ते मुलाकडे परदेशीं कायमचे जावयाचे असल्यानें त्यांस आपली तीनशें मिलिमीटरची एफ २.८ विकावयाची होती. ही २०२३ सालची. वजन १,४७० ग्रॅम, म्हणजे पहिलीच्या निम्म्याहूनही कमी. तिच्यासोबत दोन टेलिकन्व्हर्टर, एक १.४ पट वाढविणारा व एक दुप्पट करणारा, असें सगळें मिळून थोरल्या लेन्सच्या निम्म्या किंमतींत येत होतें. पुतण्याच्या मतें हें म्हणजे पायांत काठ्या बांधून उंच होण्यापैकीं. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "यांचा उजवा खांदा दोन वर्षें दुखतो आहे, हें कोणी हिशेबांत धरलं आहे का?" त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. शेवटीं ठरलें कीं, थोरली लेन्स पुण्याहून दोन दिवस भाड्यानें घ्यावी, धाकटी स्नेह्यांकडून मागून आणावी, आणि दोहोंचा न्याय उजनीच्या पाण्यावर व्हावा.

निकाल सांगण्यापूर्वीं वाचकांस या यंत्रांचें मर्म थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. नाहींतर पुढील हकीकत म्हणजे नुसती आंकड्यांची जंत्री वाटेल. लेन्सवर जो एफचा आंकडा असतो तो एक साधा भागाकार आहे. लेन्सच्या नाभ्यंतरास त्या आंकड्यानें भागलें म्हणजे प्रकाश आंत येण्याची वाट किती रुंद आहे तें निघतें. सहाशेंस चारानें भागतां दीडशें मिलिमीटर येतात, तीनशेंस २.८ नें भागतां सुमारें एकशें सात. म्हणजे पहिली लेन्स परातीएवढें तोंड उघडून प्रकाश घेते, तर दुसरी ताटलीएवढें. क्षेत्रफळाच्या हिशेबानें पाहिलें तर पहिलीची वाट दुसरीच्या जवळजवळ दुप्पट भरते. थोरल्या लेन्सची सगळी किंमत आणि सगळें वजन या रुंद कांचेंत आहे.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची वीतभरही लांब नसलेली एक नळी. तिच्यांतील भिंगें प्रकाशकिरणांस किंचित् फांकवितात, त्यामुळें प्रतिमेचा मधला भाग मोठा होऊन संवेदकावर पडतो. ही युक्ति नवी नव्हे. पीटर बार्लो (१७७६–१८६२) या इंग्रज गणितज्ञाच्या नांवानें ओळखलें जाणारें दुर्बिणीचें भिंग याच तत्त्वावर चालतें. आणि १८९१ सालीं इंग्लंडांत डालमायर व जर्मनींत मीटे आणि स्टाइनहाइल यांनीं स्वतंत्रपणें जी टेलिफोटो लेन्स सिद्ध केली तिच्याही पोटांत असेंच फांकविणारें भिंग होतें. परंतु कन्व्हर्टर प्रतिमा वाढवितो, प्रकाश वाढवीत नाहीं. वहिनींस हें समजावून सांगतांना अण्णांनीं स्वयंपाकघराचाच दाखला दिला: वाटींतलें तूप तेवढेंच आहे, आणि तें एका पोळीऐवजीं चार पोळ्यांना लावावयाचें आहे. दुपटीच्या कन्व्हर्टरनें प्रतिमा चौपट क्षेत्रावर पसरते, म्हणून उजेड चतुर्थांश होतो; १.४ पटीच्या कन्व्हर्टरनें ती दुप्पट क्षेत्रावर पसरते, म्हणून निम्मा होतो. अशा रीतीनें तीनशेंची एफ २.८ ही एकानें ४२० ची एफ ४ होते, आणि दुसऱ्यानें ६०० ची एफ ५.६. मूळ लेन्सचे जे काय दोष असतील तेही प्रतिमेबरोबर मोठे होतात. म्हणून कन्व्हर्टर हा ज्या त्या कंपनीचाच, आणि मुळांत रेखीव असलेल्या लेन्सवरच शोभतो.

पहांटे चारास पुणें सोडलें. यवत, पाटस, कुरकुंभ हीं गांवें काळोखांतच मागें पडलीं आणि उजाडण्याच्या सुमारास आम्ही कुंभारगांवच्या कांठावर होड्यांजवळ उभे होतों. मासेमारीच्या त्या चिंचोळ्या होडींत तिपाई उभी करण्यास जागा नसते; आणि उभी केली तरी होडी डोलते तेथें तिचा उपयोग काय? हें आधींच ऐकून वहिनींनीं जुन्या लुगड्याची एक जाड पिशवी शिवून तींत तांदूळ भरून आणले होते. होडीच्या कडेवर ती पिशवी ठेवून तिच्यांत लेन्स रुतविली म्हणजे बाळ उशींत निजावें तशी ती स्थिर राही. दहा लाखांच्या लेन्सचा भार शेवटीं चार शेर तांदुळांवर होता, हें येथें नमूद करून ठेवतों.

पहिली परीक्षा उजेडाची झाली. सूर्य अद्याप वर आला नव्हता. पाणी शिशासारखें दिसत होतें. नदी सुरय पाण्यावर झेपा घालीत होते. इतक्यांत ऑस्प्रे नांवाचा मासेमार शिकारी पक्षी वरून दगडासारखा पाण्यांत कोसळला आणि पायांत मासा धरून वर उठला. पुतण्याच्या हातीं थोरली लेन्स होती. एफ ४ च्या त्या रुंद वाटेंतून त्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग मिळाला. अण्णांनीं धाकटीवर दुपटीचा कन्व्हर्टर चढविलेला. त्यांस त्याच उजेडांत पांचशेंव्या भागावर समाधान मानावें लागलें. शिवाय कॅमेऱ्याची आपोआप नेम धरण्याची क्रियाही तितकी चपळ राहिली नाहीं. ती क्षणभर पाण्यावर घोटाळली, आणि तेवढ्यांत पक्षी गेला. पुतण्याच्या चित्रांत पंखांवरून उडणारे थेंबही मोजतां येतात. अण्णांच्या चित्रांत पंखांच्या जागीं धूर आहे. हें आम्ही लपवीत नाहीं. ज्यास पहांटेच्या झुंजुमुंजूंत धांवत्या पांखराचें चित्र हवें, त्यास रुंद कांचेवांचून गत्यंतर नाहीं.

अण्णांनीं मग कन्व्हर्टर काढून टाकला. होडींत उघड्या कॅमेऱ्याच्या तोंडांत पाण्याचा तुषार जाऊं नये म्हणून वहिनींनीं पदराचा आडोसा धरला. आतां नुसती तीनशेंची एफ २.८ राहिली, आणि तिच्यांतून थोरलीच्याही दुप्पट उजेड येऊं लागला. कारण तेंच तूप आतां एकाच पोळीवर होतें. सुरय लहान दिसत, पण झेप घेतांना त्यांच्या पंखांचें टोक न् टोक गोठून चित्रांत येई. अलीकडच्या कॅमेऱ्यांच्या संवेदकावर पांच कोटींच्या आसपास बिंदु असतात. चित्राचा मधला निम्म्या लांबी-रुंदीचा भाग कापून घेतला तरी सव्वा कोटि बिंदु शिल्लक राहतात. घरांतल्या मध्यम आकाराच्या तसबिरीस ते पुरेसे होतात.

ऊन वर आलें तसा रोहितांचा थवा दिसूं लागला. चारपांचशें पक्षी उथळ पाण्यांत एका रांगेंत उभे होते, आणि माना खालीं घालून, चोंच उलटी धरून चिखलपाणी गाळीत होते. पुतण्या नावाड्यास म्हणाला, "दादा, इंजिन लावून जरा जवळ घ्या ना, म्हणजे उडतील." उडत्या रोहितांच्या पंखांचा शेंदरी रंग त्यास चित्रांत हवा होता. नावाडी हंसला, त्यानें इंजिन लावलें नाहींच, उलट वल्हें पाण्यांत रोंवून होडी जागच्या जागीं उभी केली. "न्हाई सायेब," तो म्हणाला, "येवढ्या लांबनं ती पोटासाठी आल्यात. आपन उठवलं की त्यांचं खाणं ऱ्हातंय, आन् उद्या ती हितं येत न्हाईत. तुमचं यंतर लांबचं बघतंय म्हनं, मग लांबनंच बघा की." आम्ही सगळे गप्प झालों. लांब पल्ल्याच्या लेन्सचें खरें प्रयोजन त्या माणसानें एका वाक्यांत सांगितलें होतें. ती पांखरास जवळ आणते तें एवढ्यासाठींच कीं आपण त्याच्या जवळ जाऊं नये.

त्या अंतरावरून, साठ मीटर असेल, दोन्ही लेन्सांनीं चित्रें घेतलीं. ऊन भरपूर होतें. आतां उजेडाची ददात नव्हती. अण्णांनीं दुपटीचा कन्व्हर्टर पुन्हां चढविला, एफ ५.६ वरून एफ ८ वर आणला, म्हणजे प्रकाशाची वाट आणखी निम्मी केली. त्यायोगें प्रतिमा पुष्कळ रेखीव होते. रात्रीं मुक्कामीं मोठ्या पडद्यावर दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. थोरलीच्या चित्रांत रोहिताच्या मानेवरील पिसें किंचित् अधिक सुटीं दिसत होतीं, आणि मागील पाणी अधिक मऊ, पुसल्यासारखें झालें होतें; हा त्या दीडशें मिलिमीटर वाटेचाच प्रसाद. पण कोणतें चित्र कोणत्या लेन्सचें हें न सांगतां वहिनींस विचारलें, तेव्हां त्यांनीं तीनपैकीं दोनदां धाकटीचें निवडलें.

नऊच्या सुमारास थवा आपण होऊन उठला, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतां आमच्या होडीवरूनच वळला. डोक्यावर शेंदरी व काळ्या पंखांचें तोरण धांवूं लागलें. पुतण्यानें लेन्स उचलली. परंतु सहाशेंच्या चौकटींत कोणाचे पाय मावेनात, कोणाची मान. अण्णांच्या कॅमेऱ्यावर त्या वेळीं दैवयोगानें नुसती तीनशेंच होती. सतरा पक्ष्यांची ती ओळ पूर्ण त्यांच्या चित्रांत आली आहे. कन्व्हर्टर काढून ठेवतां येतो, थोरली लेन्स आंखूड करतां येत नाहीं, हा धडा आम्हांस त्या घटकेस मिळाला. लेन्स करणाऱ्यांच्याही तो ध्यानांत आलेला दिसतो. कॅननच्या २०१३ सालच्या २०० ते ४०० मिलिमीटरच्या लेन्समध्यें, आणि निकॉननें २०२२ सालीं काढलेल्या ४०० व ६०० मिलिमीटरच्या दोन थोरल्या लेन्समध्यें, १.४ पटीचा कन्व्हर्टर पोटांतच बसविला असून एक कळ दाबतांच तो आंत येतो वा बाजूस होतो. सोय उत्तम, पण किंमत व वजन थोरलीचेंच.

दहाच्या पुढें तिसरी परीक्षा झाली, आणि तींत दोघी नापास झाल्या. पाणी आणि कांठची जमीन निरनिराळ्या वेगानें तापूं लागली, हवेचे थर हलूं लागले, आणि दूरचे पट्टकादंब तव्यावरच्या वाफेंतून पाहावे तसे थरथरूं लागले. सहाशें मिलिमीटरनें ही थरथर दुप्पट मोठी करून दाखविली, इतकेंच. शंभर मीटर तापलेल्या हवेपुढें दहा लाखांच्या कांचेचें कांहीं चालत नाहीं. नावाड्यानें होडी कांठास लावली. त्याच्या घरीं पाहुण्यांस ताज्या माशांचें जेवण करण्याचा प्रघात. आमच्यासाठीं मात्र त्याच्या कारभारणीनें पिठलें, ज्वारीची भाकरी आणि लसणीचा ठेचा केला, आणि वहिनींनीं तिजकडून त्या ठेच्याची कृति लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशीं पहांटे अण्णांनीं थोरली लेन्स एकदां स्वतः चालविण्याचें मनांत आणलें. पिशवीवर ती टेकलेली होती तोंवर ठीक चाललें. एक सुरय डोक्यावरून गेला म्हणून त्यांनीं ती उचलली, आणि अर्ध्यांतच खालीं ठेवली. ते कांहीं बोलले नाहींत. उजवा खांदा डाव्या हातानें दाबून क्षणभर पाण्याकडे पाहत राहिले. पुतण्यानें तें पाहिलें. त्यानें लेन्स हळूच आपल्याकडे घेतली, आणि त्यानंतर परत येईपर्यंत तिच्या थोरवीविषयीं एक अक्षर काढलें नाहीं.

परततांना गाडींत हिशेब झाला. पुतण्या अजूनही म्हणत होता कीं ऑस्प्रेचें तें चित्र धाकटीनें कधींच आलें नसतें. आणि तें खरें होतें, म्हणून कोणी वाद घातला नाहीं. वहिनी म्हणाल्या, "अरे, वर्षांतून अशा चार पहांटा येणार. त्या चार पहांटांसाठीं हत्ती भाड्यानं आणूं. बारा महिने दारांत कशाला बांधायचा?" यावर निकाल लागला. स्नेह्यांची तीनशेंची लेन्स दोन्ही कन्व्हर्टरांसह घ्यावयाची, आणि ज्या दिवशीं अंधुक उजेडांत धांवतें पांखरूं साधावयाचें असेल त्या दिवसापुरती थोरली भाड्यानें आणून पुतण्यानें उचलावयाची.

आमच्यासारख्या ज्या घरांत हा प्रश्न उद्यां निघेल, त्यांनीं आमच्या मतें दुकानांत जाण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. आपणांस उणीव कशाची पडते, अंतराची कीं उजेडाची? अंतराची असेल तर कन्व्हर्टर ती पुष्कळ अंशीं भरून काढतो, आणि अर्ध्या लाखाच्या आसपास मिळतो. उजेडाची असेल तर तो ती उलट वाढवितो. दुसरें, ज्या लेन्सवर तो बसवावयाचा ती मुळांत रुंद तोंडाची व रेखीव आहे काय? अंधुक तोंडाच्या लेन्सवर कन्व्हर्टर म्हणजे आधींच पातळ असलेल्या आमटींत पाणी. दोन्ही कन्व्हर्टरांत १.४ पटीचा अधिक भरंवशाचा. दुपटीचा भर उन्हांत, स्थिर पक्ष्यासाठीं राखावा. तिसरी गोष्ट कोणत्याही जाहिरातींत लिहिलेली नसते: ही लेन्स उचलणार कोण, आणि किती वर्षें?

चैत्रांत लेन्स घरीं आली. वहिनींनीं तिला हळदकुंकूं वाहिलें, आणि तांदुळाची पिशवी धुवून, नवे तांदूळ भरून कॅमेऱ्याशेजारीं ठेवली. माजघरांत आतां दोन नव्या तसबिरी आहेत. एक पुतण्याच्या ऑस्प्रेची, भाड्याच्या लेन्सनें घेतलेली. दुसरी अण्णांच्या सतरा रोहितांची. पाहुणे आले म्हणजे अण्णा पहिलीपाशीं अगोदर थांबतात, आणि हें आमच्या पुतण्यानें काढलें आहे असें सांगतात.